गच्चीवरच्या झाडांची पानं पांढरी पडतात: खत घालण्याआधी काय तपासायचं

पुण्यातल्या सोसायट्यांच्या गच्चीवरच्या बागा सांभाळणं हे माझं रोजचं काम. फेब्रुवारी संपत आला की एकाच तक्रारीचे फोटो यायला लागतात. पीस लिली, सिंगोनियम, मनी प्लांट, नर्सरीतून नुकतीच आणलेली जास्वंद किंवा मिरचीची रोपं. पानाच्या मधोमध आधी फिकट पिवळा, मग पांढरट आणि शेवटी तपकिरी, हात लावला की चुरा होणारा डाग. प्रश्नही ठरलेला: कोणतं खत घालू? बहुतेक वेळा उत्तर असतं, कोणतंच नाही. पानाला झेपेल त्याहून जास्त उजेड त्याच्यावर पडलाय आणि त्यातून सावरायला त्याला वेळ मिळालेला नाही. हीच तक्रार दुसऱ्यांदा येते ती ऑक्टोबरच्या उन्हात. पावसाळाभर ढगाळ उजेडात वाढलेली पानं असतात आणि आभाळ चार दिवसांत मोकळं होतं.

लक्षणं

उजेडाचा मार ओळखायची पहिली खूण म्हणजे डागाची जागा. डाग उन्हाकडे तोंड केलेल्या पानांवर असतो, बहुतेक वेळा झाडाच्या पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या अंगाला. एका पानाची सावली दुसऱ्यावर पडत असेल तर सावलीतला भाग हिरवागार राहतो आणि सावलीची कड जिथे संपते तिथून पांढरा पट्टा सुरू होतो. ही कड इतकी स्पष्ट असते की वरचं पान हलकेच खाली दाबून जुळवून बघता येतं. पान उलटलं तर सुरुवातीच्या दिवसांत खालची बाजू बऱ्यापैकी हिरवी सापडते.

दुसरा, सौम्य प्रकार असा: डाग नाही, पण सगळं झाड पोपटी-पिवळसर दिसतं. नवी पानं आधीपेक्षा लहान आणि जाड येतात. झाड नव्या उजेडाशी जुळवून घेत असल्याचं हे चिन्ह आहे. त्याला तसंच राहू द्या.

आणखी दोन गोष्टींना लोक रोग समजतात. भर दुपारी घेवड्याची पानं कड उन्हाकडे करून उभी राहतात, इतर काही झाडांची माना टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतात. कमी ऊन अंगावर घ्यायची ती झाडाची पद्धत आहे. सकाळी सातलाही पानं मलूलच असतील तर मात्र कुंडीत किंवा मुळांत काहीतरी बिघडलंय. दुसरी गोष्ट लाल रंगाची. तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिते, कारण तिच्यापायी फार औषधं वाया जातात.

पानात नेमकं काय होतं

हे समजलं की पुढच्या तपासण्यांचा क्रम आपोआप कळतो.

हरितद्रव्य उजेड शोषतं. ती ऊर्जा वापरून पान हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवतं. पण साखर बनवायच्या वेगाला मर्यादा आहे आणि सावलीतल्या झाडांत ती फार लवकर येते. गिरणीत जात्याच्या वेगापेक्षा भराभर धान्य ओतत राहावं तसं होतं: उजेड येतच राहतो, पण पुढे त्याचं काही होत नाही. मग ऊर्जेनं भरलेलं हरितद्रव्य ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देऊन टाकतं. असा चेतवलेला ऑक्सिजन अत्यंत जहाल असतो. तो हरितद्रव्यावर, प्रथिनांवर आणि पेशीच्या पातळ पडद्यांवर तुटून पडतो. पान पांढरं होतं ते यामुळे.

असं रोज होऊ नये म्हणून पानात दुसरी रंगद्रव्यं असतात. गाजराला रंग देणारं बीटा-कॅरोटिन आणि त्याच कुळातलं ल्युटिन पानातही भरपूर असतं, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेलं. चेतवलेल्या हरितद्रव्याची आणि ऑक्सिजनची ऊर्जा ही द्रव्यं काढून घेतात आणि निरुपद्रवी उष्णतेत बदलतात. मला सगळ्यात थक्क करतं ते याच कुळातलं व्हायोलाझँथिन. ऊन वाढलं आणि हरितलवकाच्या आतल्या कप्प्यात आम्लता वाढली की एक विकर (एन्झाइम) जागं होतं आणि व्हायोलाझँथिनचं झिअ‍ॅझँथिन करू लागतं. या कामात क जीवनसत्त्व खर्च होतं. झिअ‍ॅझँथिन वाढलं की पान जादा ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर टाकतं. ऊन उतरलं की झिअ‍ॅझँथिनचं पुन्हा व्हायोलाझँथिन होतं. तुमच्या गच्चीवरच्या प्रत्येक हिरव्या पानात हे रोज सकाळ-संध्याकाळ चालू असतं.

आता वेळेचं गणित लक्षात घ्या, कारण सगळा दोष तिथे आहे. झिअ‍ॅझँथिन बनायला मिनिटं लागतात. या द्रव्यांचा एकूण साठा वाढवायला पानाला कित्येक दिवस लागतात. उन्हासाठीच घडलेलं, जाड, रक्षक रंगद्रव्यांनी भरलेलं नवं पान यायला आठवडे लागतात. हिरव्या जाळीखाली वाढलेल्या रोपाकडे पहिली सोय असते, पण साठा तुटपुंजा. ते रोप रविवारी सकाळी आणून थेट गच्चीवर ठेवलं तर पुढच्या दोन्ही टप्प्यांना वेळच मिळत नाही.

तपासणी: फुकटातल्या गोष्टी आधी

डागावरून ओलं बोट फिरवा. पांढरा थर पुसला गेला तर ती भुरी असेल किंवा बोअरच्या जड पाण्याचे क्षार. भुरी पिठूळ असते आणि सावलीतल्या पानांवरही येते. क्षारांचे ठिपके पाण्याच्या थेंबांच्या आकाराचे असतात आणि व्हिनेगर घातलेल्या पाण्याच्या बोळ्यानं निघतात. काहीच पुसलं गेलं नाही, तर रंग पानाच्या आतूनच गेलाय.

मग पानाखाली पांढरा कागद धरून पान दोन-तीनदा टिचका. कागदावर ठिपके पडून चालू लागले तर ती लाल कोळी. तीही उन्हाळ्यातच येते आणि तिच्यामुळेही पान फिकट होतं, पण तिचा फिकटपणा टाचणीनं टोचल्यासारखा बारीक असतो आणि पानामागे जाळी दिसते. ही तपासणी वगळू नका. कोळी असताना नुसती सावली केली तर त्रास तसाच राहतो. आणि कोळी नसताना भर उन्हात नीमतेल फवारलं तर तेलानं पान आणखी भाजतं.

यानंतर सावलीची कड वर सांगितल्याप्रमाणे जुळवून बघा. डाग उन्हाच्या दिशेशी जुळत नसतील, झाडाच्या आतल्या, कधीच ऊन न लागणाऱ्या पानांवरही तेच असतील, तर ही पोस्ट तुमच्या झाडासाठी नाही.

जुळत असतील तर गेल्या पंधरा दिवसांत काय बदललं ते आठवा. घरातल्यांना, माळीकाकांनाही विचारा. कुंडी हलवली का, हे सगळे सांगतात. बाकीच्या गोष्टी लक्षात येत नाहीत. पावसाळ्याआधी शेजारच्या झाडाच्या फांद्या छाटल्या जातात आणि त्याखालची नेचे, कॅलेथिया दोन दिवसांत भाजतात. समोरच्या इमारतीला नव्या काचा बसतात. गच्ची तापू नये म्हणून पांढरा रंग देतात. घर थंड राहतं, पण उजेड खालून उसळून पानाच्या मागच्या बाजूवर आदळतो, आणि त्या बाजूला थेट उन्हाची सवयच नसते. डाग पानाच्या पाठीकडून सुरू झालेले दिसले तर आधी फरशीकडे बघा. कुंड्यांखाली गोणपाट किंवा काथ्याची चटई अंथरली की पुष्कळ फरक पडतो.

पुढची तपासणी पाण्याची. बोटाची दोन पेरं मातीत घाला. माती कोरडी असेल तर पान पाणी वाचवायला आपली रंध्रं मिटून घेतं. रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, साखर बनायची थांबते आणि कालपर्यंत झेपणारं ऊन आज जास्त ठरतं. त्यामुळे पाण्याचा ताण आणि उजेडाचा मार बहुतेक वेळा जोडीनं येतात. प्लॅस्टिकच्या काळ्या कुंड्या दुपारी हातानं धरवत नाहीत एवढ्या तापतात आणि कडेची मुळं भाजतात. मग वर ओल असूनही झाडाला पाणी ओढता येत नाही.

इथे एक समज खोडून काढते. दुपारी पाणी घातलं तर थेंब भिंगासारखे होऊन पान जाळतात, असं बरेच जण ठामपणे सांगतात. हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये हे मोजून पाहिलं. गुळगुळीत पानांवरच्या थेंबांनी भाजलं नाही. थेंब पृष्ठभागापासून वर उचलून धरणारी लव असलेल्या पानांवरच ती शक्यता दिसली. म्हणून झाड दुपारी दोनला सुकलेलं दिसलं तर संध्याकाळची वाट बघू नका, बुंध्याशी पाणी द्या. नळीत साचलेलं कढत पाणी तेवढं आधी सोडून द्या.

फोनवर उजेड मोजायचं फुकट ॲप मिळतं. आकडा अचूक नसतो, पण तुलनेला पुरतो. भर दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे 1 लाख लक्स उजेड असतो. घरात खिडकीपासून दोन-तीन फूट आत तोच 1–2 हजारांवर येतो. आपल्या डोळ्यांना हा फरक एवढा वाटत नाही, कारण बाहुली लहान-मोठी होऊन जुळवून घेते. ‘गॅलरीत तसा उजेड कमीच आहे’ असं म्हणणाऱ्यांना मी आधी हे मापन करायला लावते. रोप जिथे वाढलं तिथला आणि आता ठेवलंय तिथला आकडा दुपारी एक वाजता घ्या. दुसरा आकडा कित्येक पटींनी मोठा निघाला तर कारण सापडलं.

लाल रंगाचं काय

आंब्याची तांबूस पालवी, जांभळाची, गुलाबाची लालसर नवी पानं, फाल्गुन-चैत्रात लालेलाल दिसणारा कुसुम वृक्ष: यांपैकी कशालाही औषध लागत नाही. कोवळ्या पानाची साखर बनवायची यंत्रणा अजून उभी राहत असते, त्यामुळे थोडा उजेडही त्याला जास्त होतो. म्हणून वरच्या पेशींत अँथोसायनिन नावाचं लाल रंगद्रव्य भरलेलं असतं. ते हिरवा-निळा उजेड आधीच गाळतं. पान पक्कं झालं की लाली उतरते. माठ, बीट, पोर्टुलाका, बोगनवेल यांच्यात अँथोसायनिनऐवजी बीटालेन नावाची वेगळीच रंगद्रव्यं असतात. कोरफड कडक उन्हात तांबूस-तपकिरी होते आणि सावलीत ठेवली की काही आठवड्यांत पुन्हा हिरवी. तो रंग कॅरोटिनॉइडचा, म्हणजे बीटा-कॅरोटिनच्या कुळातल्या द्रव्यांचा. डिसेंबरात नाशिककडे किंवा विदर्भात पानं जांभळट होतात त्यालाही हीच संगती आहे: थंडीनं साखर बनवायचा वेग मंदावतो, ऊन मात्र लख्ख असतं.

शेवाळंही हेच करतं. पक्ष्यांसाठी पाणी ठेवलेल्या पसरट भांड्यात पाणी आटत आलं की तळाशी विटकरी-लाल थर बसतो. हा बहुधा हिमॅटोकॉकस, खरं तर हिरवं शेवाळ. ऊन वाढलं, पाणी आणि अन्न संपत आलं की ते अ‍ॅस्टाझँथिन हे त्याच कुळातलं लाल रंगद्रव्य बनवून स्वतःला लालभडक करून घेतं आणि तसंच दिवस काढतं. भांडं घासून ताजं पाणी भरा, काळजीचं कारण नाही. मिठागरांत ड्युनालिएला नावाचं शेवाळ बीटा-कॅरोटिन साठवून नारिंगी होतं. जून 2020 मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं तेव्हा याच शेवाळाचं नाव घेतलं जात होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं तेव्हा मात्र तो रंग हॅलोआर्किया या खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा निघाला. तेही कॅरोटिनॉइडच बाळगतात.

थोडक्यात, लाल झालेलं पान आपला बचाव करतंय आणि पांढरं झालेलं पान तो गमावून बसलंय. फवारणीचा पंप हातात घेण्यापूर्वी एवढा भेद नक्की करा.

थोडा खर्च, थोडी चिकाटी

इथवर उजेडाचा संशय पक्का झाला असेल तर सावरण्याचं काम सुरू करा. झाड एकदम अंधाऱ्या खोलीत नेऊ नका. सकाळी नऊपर्यंतचं ऊन मिळेल आणि नंतर उजळ सावली राहील अशी जागा द्या. तीव्र उजेडात पानातलं डी-1 नावाचं प्रथिन सतत मोडतं आणि पान ते सतत नव्यानं बनवतं. मोडण्याचा वेग दुरुस्तीपेक्षा वाढला की पान हरतं. दुपारनंतरच्या सावलीत दुरुस्ती पुढे निघते. पूर्ण अंधारात ती नीट होत नाही.

दर चार-पाच दिवसांनी ऊन अर्ध्या-पाऊण तासानं वाढवा. ऊन सोसणाऱ्या जातीचं रोप दोन-तीन आठवड्यांत तयार होतं. पीस लिली, कॅलेथिया यांना उघड्या दुपारी ठेवायचा हट्ट करू नका, त्यांची घडणच वेगळी आहे. कुंडी दिवसातून चारदा आत-बाहेर करण्यातही अर्थ नाही. पानाचा बचाव चालू व्हायला मिनिटं लागतात आणि तो पूर्ण उतरायला त्याहून जास्त वेळ. इलिनॉय विद्यापीठातल्या गटानं हा उतरण्याचा वेग जनुकं बदलून वाढवला, तेव्हा तंबाखूच्या झाडांची वाढ सुमारे 15 टक्के जास्त झाली. तो निकाल 2016 चा. सावलीत गेल्यावरही बचाव चालू राहण्याची किंमत केवढी असते, ते त्यातून कळतं.

जाळी लावायची तर 50 टक्क्यांची पुरते. 75 आणि 90 टक्क्यांची नेचे-ऑर्किडसाठी ठेवा. भाजीपाला त्याखाली लांबुडका होतो आणि फळ धरत नाही. जाळी झाडांना टेकवू नका. वर दोन-तीन फूट मोकळी जागा ठेवा, नाहीतर गरम हवा कोंडते. पश्चिमेला उभा पडदाही लावा. दुपारी चारचं तिरपं ऊन डोक्यावरच्या जाळीला चुकवून आत येतं.

भाजलेला डाग पुन्हा हिरवा होत नाही, त्याची वाट बघू नका. पण अर्धवट भाजलेलं पान तोडूही नका. उरलेला हिरवा भाग काम करतो आणि खालच्या पानांवर सावली धरतो. पूर्ण वाळलेली तेवढी काढा. सुधारणा मोजायची ती नव्या पानांवर.

आता खताकडे वळू. ऊन कमी करूनही जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर एक साधी परीक्षा आहे. पूर्ण उमललेलं, अजून हिरवं असलेलं एक पान निवडा आणि त्याच्या अर्ध्या भागावर काळ्या जाड कागदाची पट्टी क्लिपनं सैल अडकवा. आठ-दहा दिवसांनी काढा. झाकलेला आणि उघडा, दोन्ही भाग सारखेच पिवळे झाले असतील तर उजेडाचा संबंध कमी, नत्र किंवा मुळं बघा. झाकलेला भाग हिरवा आणि उघडा पिवळा असेल तर ऊन अजूनही जास्त आहे, नाहीतर मॅग्नेशियम, पोटॅश किंवा जस्त कमी पडतंय. मार्शनर आणि चाकमाक यांनी 1989 मध्ये घेवड्यावर हेच दाखवलं होतं: या तिन्हींची कमतरता असलेल्या पानांचा झाकलेला भाग हिरवा राहिला. ही द्रव्यं कमी असली की पान बनलेली साखर नीट वापरू किंवा पुढे पाठवू शकत नाही आणि नेहमीचं ऊनही त्याला जड जातं.

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियमवर संशय घ्या. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून संध्याकाळी फवारा, दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. जुन्या पानांच्या कडा करपत असतील तर पोटॅश. युरिया मात्र ताणाखालच्या झाडाला अजिबात देऊ नका. कुंडीतल्या थोड्याशा मातीत क्षार वाढतात, मुळांना पाणी ओढणं आणखी कठीण होतं आणि ज्या ताणातून झाडाला बाहेर काढायचं तोच वाढतो.

शेवटची घरगुती तपासणी कष्टाची आहे: संध्याकाळी झाड कुंडीतून अलगद काढून मुळं बघा. पांढरी, टणक मुळं ठीक. तपकिरी, मऊ, वास येणारी मुळं कुजली आहेत. ती कापून, माती बदलून झाड सावलीत ठेवा. नुसतं बघायचं म्हणून भर उन्हाळ्यात मुळं उघडू नका. वरच्या सगळ्या पायऱ्या झाल्यावरच हे करा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

सावलीत येणारी नवी पानंही पांढरी किंवा ठिगळाठिगळाची येत असतील, पानं मुरडलेली असतील, तर विषाणूची शक्यता आहे. झाड वेगळं ठेवा, त्याची कात्री दुसऱ्या झाडाला लावू नका आणि घरी उपाय करत बसू नका. एकाच पाण्यावर असलेल्या वेगवेगळ्या जातींच्या झाडांना एकदम त्रास होत असेल तर पाणी आणि माती प्रयोगशाळेत तपासून घ्या. सामू (पीएच) आणि क्षारता कळल्याशिवाय घातलेलं प्रत्येक औषध हा अंदाज असतो. मोठ्या झाडाच्या खोडाची साल उन्हाच्या बाजूनं तडकली, त्यातून डिंक किंवा पाणी वाहू लागलं तर वृक्षतज्ज्ञाला दाखवा. फांद्या छाटायच्या झाल्या तर आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या. डाळिंब, द्राक्ष किंवा केळीची बाग असेल तर कुंडीचे उपाय एकरावर करू नका. फळांवर केओलिन (पांढऱ्या मातीची भुकटी) फवारायचं की आच्छादन घालायचं, हे पिकाची अवस्था बघून ठरतं. ते जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना विचारा.

पानांच्या बचावाला किती धक्का बसलाय, हे मोजायचं यंत्र काही कृषी विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत असतं. पान थोडा वेळ अंधारात ठेवून त्यावर प्रकाशाचा झोत टाकतात आणि हरितद्रव्य परत किती उजेड फेकतं ते बघतात. निरोगी पानाचा आकडा 0.83 च्या आसपास येतो, उजेडाचा मार बसलेल्या पानाचा त्याखाली. चार कुंड्यांसाठी याची गरज नाही, पण रोपवाटिका चालवत असाल तर जरूर विचारा.

नमुना नेताना एकच वाळलेलं पान नेऊ नका. डाग सुरू होत असलेलं, मधल्या अवस्थेतलं आणि त्याच झाडाचं सावलीतलं निरोगी, अशी तीन पानं सकाळीच तोडून ओलसर कागदात गुंडाळा. सोबत झाड कोणत्या दिशेला आहे, कधी हलवलं, पाणी कुठलं आणि गेल्या महिन्यात काय काय फवारलं हे लिहून द्या. कुंडीचा दुपारी एक वाजता काढलेला फोटोही जोडा, म्हणजे ऊन कुठून आणि किती पडतं ते समोरच्याला दिसेल.